म लिहून पुढे

"मराठी ऐकू आलं की नुसता म लिही आणि पुढे जा," आवटी मॅडम म्हणाल्या. "शब्द लिहीत बसू नकोस. कोण बोललं त्याचा नंबर, त्यापुढे म. झालं."

"पूर्ण वाक्य असलं तरी?"

"वाक्य असू दे नाहीतर अख्खी गोष्ट. आपण वर्गातलं इंग्रजी मोजतोय, पल्लवी. मराठी ही गळती. नळ गळतोय एवढं कळलं की पुरे."

सांगलीत विश्रामबागेत त्यांचं घर होतं. पुढच्या खोलीत दोन टेबलं, एक टेपरेकॉर्डर आणि कपाटभर कॅसेटी. डॉक्टर कुमुदिनी आवटी शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजात बावीस वर्षं इंग्रजी कसं शिकवावं हे शिकवत होत्या. इंग्लंडला जाऊन भाषाशास्त्र शिकून आलेल्या. बी.एड.च्या पोरी त्यांचा 'गळतीचा तक्ता' पाठ करायच्या: वर्गात मराठीची गळती जितकी जास्त, तितकं मुलाचं इंग्रजी कमी. आता जिल्ह्यातल्या चाळीस वर्गांतल्या तासांच्या चाळीस टेपा त्यांच्याकडे होत्या. त्यावरचा अहवाल मार्चअखेर मुंबईला जायचा होता, आणि मार्चअखेरच त्या निवृत्त होणार होत्या.

माझं काम टेप ऐकून कागदावर उतरवायचं. बी.एस्सी. झालेली, घरात बसून होते, अक्षर बरं होतं. मुलगी अकरा ते तीन शाळेत असायची, तेवढाच वेळ मी तिथे. टेपेत कुणी गप्प राहिलं तर घड्याळात बघून किती सेकंद ते लिहायचं. मुलांची नावं लिहायची नाहीत. प्रत्येक टेपेबरोबर वर्गाचा बाकवार नकाशा असायचा, त्यावरून नंबर द्यायचा. आणि एक कागद मी सही करून दिला होता: शाळा, बाई, मूल, कुणाचंही नाव बाहेर सांगणार नाही, ओळखीचा आवाज निघाला तरी.

"ओळखीचं कोण निघणार," मी म्हटलं होतं.

"सांगली आहे ही," मॅडम म्हणाल्या. "कर सही."

सव्वीस टेपा झाल्या. माझा हात इतका बसला की मराठी कानावर पडलं की मी ऐकायचीच नाही. म, म, म. घरी कुकरची शिट्टी मोजावी तसं.

फेब्रुवारीत जुईच्या डायरीत चिठ्ठी आली. जुई माझी मुलगी, तेव्हा साडेपाच वर्षांची, मोठ्या बालवर्गात. शाळा इंग्रजी माध्यमाची. चिठ्ठीत लिहिलं होतं की जुई वर्गात अजिबात बोलत नाही, तिला सूचना समजत नाहीत असं दिसतं, तिला पहिलीत न घालता आणखी एक वर्ष बालवर्गातच ठेवावं असं शाळेला वाटतं. शनिवारी पालकांनी येऊन भेटावं.

सुकुमारनी, माझ्या नवऱ्यानी, दोनदा वाचली. "बसू दे की एक वर्ष," ते म्हणाले. "काय आभाळ कोसळतंय? पोरगी लहान आहे."

"सगळ्या मैत्रिणी पुढे जाणार. ही एकटी मागे. तिला काय वाटेल?"

"तिला काय वाटेल का तुला काय वाटेल?"

जुई शेजारी बसून बाहुलीला झोपवत होती. घरात तर तिचं तोंड मिटायचं नाही. मी तिला जवळ घेऊन विचारलं, "शाळेत मिस काय सांगतात ते कळतं ना तुला?"

"हो."

"मग बोलत का नाहीस?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काहीतरी विसरले आहे. मग बाहुलीला थोपटायला लागली.

सोमवारी मी सत्तावीस नंबरची टेप लावली. सुरुवातीला पंख्याची कुरकुर, बाक सरकल्याचे आवाज, आणि मग, "सिट स्ट्रेट, माय बटरफ्लाईज."

माझा हात थांबला. मुलांना फुलपाखरं म्हणणारी एकच बाई मला ठाऊक होती. जुईच्या लोहार मिस. नकाशा उघडला. जुई बसायची तो तिसरा बाक, खिडकीजवळ, नंबर चौदा आणि पंधरा. नकाशावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, रेकॉर्डर खिडकीच्या कट्ट्यावर.

मी दाराकडे बघितलं. मॅडम आत फोनवर बोलत होत्या. टेप बंद करून 'ही माझ्या मुलीच्या वर्गाची आहे' असं सांगायला हवं होतं. ते मला तेव्हाही कळत होतं. पण सांगितलं असतं तर त्यांनी ती दुसऱ्या कुणाला दिली असती. मी इयरफोन कानात आणखी आत सारला.

"ओपन युअर बॅग. टेक आऊट द रेड क्रेयॉन. कलर द रूफ. ओन्ली द रूफ," मिस सांगत होत्या.

आणि मग अगदी कानाशी, कुजबुजत, माझी जुई.

"बॅग उघड, कावेरी. लाल खडू काढ. हा नाही गं, लाल, तुझ्या रिबिनीसारखा. छप्पर रंगवायचं. भिंतीला हात नाही लावायचा, मिसनी फक्त छप्पर सांगितलंय."

सवयीने मी 'चौदा' लिहिलं, 'म' लिहिलं. मग खोडलं. टेप मागे घेतली आणि तिचं वाक्य अख्खं लिहिलं, रिबिनीसकट.

कावेरी ही नवीन मुलगी, विजापूरकडून आलेली, हे मला माहीत होतं. घरी कन्नड, शाळेत इंग्रजी, मधे मराठी जेमतेम. त्या पोरीला माझी जुई अख्खा तास चालवून नेत होती. मिस म्हणाल्या पान उलटा, की ही, "पान उलट." मिस म्हणाल्या बदक मोजा, की ही, "बदकं मोज, मागचं लपलंय ते पण धर." एकदाही चुकली नाही. मी मागे घ्यायची, लिहायची, पुन्हा मागे घ्यायची. चिठ्ठीत लिहिलं होतं, सूचना समजत नाहीत.

मग मिसचा आवाज. "जुई मगदूम, स्टॅण्ड अप. व्हॉट आर यू कलरिंग?"

बाक वाजला. पुढे काही नाही. मी घड्याळ बघत होते. सात. आठ. कुणीतरी फिदीफिदी हसलं. अकरा सेकंद.

"ओके, डिअर. सिट डाऊन."

त्यानंतर कावेरीने काहीतरी विचारलं, जुईने उत्तर दिलं. तेवढ्या एका जागी मी म लिहिला आणि पुढे गेले.

तीन वाजता तेरा पानं मॅडमच्या टेबलावर ठेवली. नेहमी पाच व्हायची. त्यांनी चष्मा लावला.

"हे काय? मराठी अक्षरन् अक्षर लिहिलंयस."

"हो."

"मी काय सांगितलं होतं?"

"म लिहून पुढे जायचं."

"मग? आता तक्त्यात मी ही कुठे घालू? सव्वीस टेपा एका पद्धतीने आणि एक दुसऱ्या? पल्लवी, बावीस वर्षांचं काम आहे हे, वहीत रांगोळी नाही काढत बसलेय मी."

"वाचून बघा ना, मॅडम."

"वाचायचं काम नाही, मोजायचं आहे." पण डोळे कागदावर गेले होते. पहिलं पान झालं. दुसऱ्यावर त्यांनी पेन्सिल उचलली आणि काही खूण न करताच खाली ठेवली. पाचव्या पानावर त्या अर्धवट हसल्या. "मागचं लपलंय ते पण धर," असं स्वतःशीच म्हणाल्या. मग माझ्याकडे बघितलं.

"हे चौदा नंबरचं मूल..." त्या थांबल्या. "नको. सांगू नकोस मला."

मी सांगितलं नाही. पण माझा चेहरा कधी माझं ऐकत नाही.

"जा तू आता," त्या म्हणाल्या. "पोरगी सुटली असेल शाळेतून."

पद्धत अशी होती की काही टेपा मॅडम स्वतः पुन्हा ऐकायच्या, माझा कागद समोर धरून. कुठल्या ते आधी सांगायच्या नाहीत. मंगळवारी मी गेले तेव्हा रेकॉर्डर माझ्या टेबलावरून त्यांच्या टेबलावर गेलेला होता.

"बस," त्या म्हणाल्या. "काम छान केलंयस. कावेरीचं कन्नडसुद्धा जसं ऐकू आलं तसं लिहिलंस. खोकला लिहिलास. डबा पडला तो लिहिलास." त्यांनी अकराव्या पानावर बोट ठेवलं. "मग तेरा पानांत एकच म कसा?"

मी पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली.

"सगळीकडे नियम मोडलास. इथे एका जागी का पाळलास?"

"आवाज नीट येत नव्हता."

"येतो. मी तीनदा ऐकला." त्यांनी बटण दाबलं.

टेपेत मिस म्हणाल्या, सिट डाऊन. बाक वाजला. मग कावेरी, तोडकं मराठी बोलत, "तुला येतंय की. का नाय सांगितला?"

आणि जुई. "आई म्हणते, चुकीचं इंग्रजी बोलायचं नाही. चुकलं की हसतात सगळे. नीट आलं की मगच बोलायचं."

"नीट कधी येणार?"

"आई सांगेल."

मॅडमनी टेप थांबवली. बाहेर भाजीवाला ओरडत गेला.

मी म्हटलं, "कॉलेजात पहिल्या वर्षी मी प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेत एक वाक्य चुकीचं बोलले. सर हसले, मग सगळी बॅच हसली. ते वाक्य पुढे कॉलेज संपेपर्यंत मुलं म्हणून दाखवायची. माझं असं झालं म्हणून मी तिला... शाळेच्या पहिल्या दिवशी रिक्षात सांगितलं होतं. एकदाच."

"एकदाच?"

"नाही," मी म्हटलं. "रोज."

त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला.

"शाळा तिला मागे ठेवतेय का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"अकरा सेकंद गप्प बसणाऱ्या मुलाचं शाळा दुसरं काय करते. कधी आहे?"

"शनिवारी भेटायला बोलावलंय." मग मी धीर केला. "मॅडम, ही टेप एकदा त्यांना ऐकवली तर? पाच मिनिटं. त्यांना कळेल हिला सगळं समजतं."

"नाही."

"तिचं वर्ष जाईल."

"त्या बाईंनी आपला वर्ग माझ्यावर विश्वास ठेवून उघडा केला. टेप ऐकल्यावर मुख्याध्यापिका मुलीबद्दल काही बोलायच्या आधी त्या बाईंना बोलतील, तुमच्या वर्गात कुजबुज चालते म्हणून. आणि तू सही केलीयस." त्यांचा आवाज मऊ नव्हता. "टेप इथून हलणार नाही."

मी पर्स उचलली. डोळे भरून आले होते आणि ते त्यांना दाखवायचे नव्हते.

"पल्लवी. बस खाली." त्यांनी तो कागद माझ्याकडे सरकवला. "अगं, टेप माझी आहे. पण त्यातलं ते वाक्य तुझं आहे. पोरीने फक्त परत म्हटलंय. तुझं वाक्य तू कुणालाही सांगू शकतेस. त्याला माझी परवानगी लागत नाही."

मी त्या म कडे बघत राहिले. माझंच वळणदार अक्षर.

"आणि हे पूर्ण लिही आधी," त्यांनी पेन पुढे केलं. "अर्धवट कागद मी फाईलला लावत नाही."

मी लिहिलं. 'आई सांगेल' लिहिताना अक्षर बिघडलं. त्यांनी दुसरा कागद दिला नाही.

शनिवारी सुकुमारना डेअरीतून सुटी मिळाली नाही. मी आणि जुई दोघीच गेलो. मुख्याध्यापिकांची खोली, काचेचं टेबल, मागे मोठी खिडकी. लोहार मिस कोपऱ्यात वही घेऊन उभ्या होत्या, पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी, माझ्याहून लहानच. पेन सारखं या हातातून त्या हातात घेत होती.

"तिला सूचना समजत नाहीत, मिसेस मगदूम," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "आम्ही तिच्या भल्यासाठीच म्हणतोय."

"समजतात," मी म्हटलं. "ती बोलत नाही, कारण मी तिला बोलू नको म्हणून सांगितलंय."

दोघीही माझ्याकडे बघायला लागल्या. मी रिक्षातलं सांगितलं. रोजचं सांगितलं. प्रॅक्टिकलचं सांगितलं. मराठीत सांगितलं, आणि त्या खोलीत मराठीत बोलताना मला पहिल्यांदाच लाज वाटली नाही, कारण दुसऱ्या गोष्टीची जास्त वाटत होती. जुई माझ्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि ऐकत होती.

लोहार मिस हळूच म्हणाल्या, "मला वाटायचं, ती मला घाबरते."

"तसं असेल तर बघूया," मुख्याध्यापिका म्हणाल्या. त्या कठोर नव्हत्या. त्यांनी जुईला जवळ बोलावलं आणि खिडकीकडे बोट केलं. "जुई, टेल मी. व्हॉट डू यू सी देअर?"

खिडकीबाहेर विजेची तार होती आणि तारेपाशी कावळे.

जुईने खिडकीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी घड्याळ न बघताही सेकंद मोजत होते, ती सवय लागली होती मला. चार. पाच. ती वाट बघत होती, मी सांगायची. सहा. मी 'बोल' म्हटलं तरी ते पुन्हा माझंच झालं असतं.

"मला नको विचारू, सोन्या," मी म्हटलं. "मलासुद्धा सगळं नीट येत नाही. अजून नाही आलं."

तिला ते खरं वाटेना. तिने लोहार मिसकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. आठ. नऊ. माझे ओठ हलायला लागले होते, मी ते दाताखाली धरले.

"टू क्रो," जुई म्हणाली. मग एकदम घाईने, "वन इज कमिंग. वन इज..." ती अडली. तिने दोन्ही हात पंखांसारखे अंगाला चिकटवले आणि म्हणाली, "बसलाय."

कुणी हसलं नाही. म्हणजे लोहार मिस हसल्या, पण त्यांनी तोंडावर वही धरली होती आणि डोळे पुसत होत्या. जुईने माझ्याकडे बघितलं, चुकलं का ते बघायला. मला दोन चुका दिसत होत्या. मी एकही सांगितली नाही.

"दिवाळीपर्यंत पहिलीत बसवून बघू," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "लोहार मिस, तुमचं काय मत?"

"बसू दे, मॅडम," लोहार मिस वहीमागून म्हणाल्या. "कावेरीलाही हिच्याच शेजारी बसू दे."

सोमवारी मी विश्रामबागेत गेले तेव्हा मॅडम जमिनीवर बसल्या होत्या. कपाट उघडं होतं, समोर टेपा ओळीने मांडलेल्या.

"किती सेकंद?" मान वर न करता त्यांनी विचारलं.

"नऊ, दहा."

"आणि म?"

"एक. 'बसलाय' म्हणाली."

"अख्खा लिहून ठेवलास ना?" आणि मग त्या इतक्या मोकळ्या हसल्या की मला कॅसेटींच्या कपाटात ठेवलेला त्यांचा एक जुना फोटो आठवला, इंग्लंडमधला, साडीवर कोट घातलेला. हसणं ओसरल्यावर त्यांनी पहिल्या टेपेवरची धूळ फुंकली. "पलूसजवळच्या गावातली मी. पाचवीत इंग्रजी सुरू झालं. मास्तर एक वाक्य सांगायचे आणि शेजारची सरू मला त्याचं मराठी कानात सांगायची. वर्षभर. मी पहिली आले. सरूला बोलल्याबद्दल छड्या बसल्या." त्यांनी टेप माझ्या हातात दिली. "पुढे मी सरूलाच मोजत बसले. बावीस वर्षं. गळती म्हणून."

"या टेपा का काढल्या?"

"पुन्हा लिहायच्या. पहिल्यापासून. सगळ्या."

"सव्वीस? मॅडम, मार्चअखेरीला दीडच महिना आहे. अहवाल वेळेत जाणार नाही."

"नाही जाणार."

"आणि तुम्ही तर निवृत्त..."

"निवृत्त माणसाला वेळच वेळ. कॉलेजात म्हणतीलच, बाईने बावीस वर्षं काय केलं म्हणून. म्हणू देत." त्यांनी गुडघ्यावर हात टेकला. "उठव मला आता. पाय आखडले."

मी त्यांना उठवलं. टेबलाशी बसले, एक नंबरची टेप लावली, माझाच ऑगस्टमधला कागद शेजारी ठेवला. कुठल्याशा खेड्यातली जिल्हा परिषदेची शाळा. बाई विचारत होत्या, हू विल टेल मी, आणि नंबर तीनला, मग नंबर नऊला उभं करत होत्या. कागदावर तिसऱ्याच ओळीत मी लिहिलं होतं, 'बावीस: म'. चौथ्या ओळीत पुन्हा, 'बावीस: म'. सहाव्यात पुन्हा.

टेप मागे घेतली. आवाज वाढवला. दूरच्या बाकावरून, आधी हळू, मग जरा मोठ्याने, एक मूल तेच तेच म्हणत होतं.

"बाई, मला येतंय. मला विचारा."

मी पेनाचं टोपण काढलं आणि लिहायला घेतलं.